मागच्या बोळातले झाकण

॥ श्री ॥

इंदूर
पौष वद्य तृतीया, गुरुवार, १६ जानेवारी २०२५

चि. रघुवीर यास,

तुझ्या दादाचे आशीर्वाद.

दरवर्षी या सुमारास माझे एक पोस्टकार्ड तुझ्या बडोद्याच्या पत्त्यावर येते. आप्पांच्या श्राद्धाची तिथी, वार आणि खाली माझी सही, एवढाच त्यातला मजकूर. आजवर पस्तीस कार्डे टाकली. मी त्यात कधी एक शब्द वाढवला नाही आणि तू एकाचेही उत्तर दिले नाहीस. यंदाची तिथी माघ वद्य पंचमी, सोमवार, १७ फेब्रुवारी. एवढ्यासाठी कार्ड पुरले असते. परंतु आणखी एक गोष्ट तुझ्या कानी घालणे आवश्यक वाटले, म्हणून कागद घेतला.

संक्रांतीच्या दिवशी एक मुलगी घरी आली. नाव स्वानंदी. मूळची साताऱ्याची, इथल्या एका महाविद्यालयात वास्तुशास्त्र शिकवते. रविवारी सकाळी ती वीस-पंचवीस लोकांना घेऊन शहरातून पायी हिंडते आणि जे पाणी आता दिसत नाही ते कुठून वाहत होते हे दाखवते. येत्या रविवारी ती आपल्या गल्लीत येणार आहे. स्नेहलतागंजच्या मागून गिरणीपर्यंत वारुणीचा माग काढायचा, असे तिच्या मनात आहे. लोक ज्याला बरनी नाला म्हणत तीच आपली वारुणी, हे तिला कोणीतरी सांगितले होते.

तिने विचारले, "काका, तुमच्या घरी संकल्पात या नदीचं नाव घेतात म्हणे. खरं का?"

मी तिला समजावून सांगितले. कोणतेही कर्म आरंभताना कर्ता आधी सांगतो की आज काळ कोणता, मी कोण आणि मी कुठे बसलो आहे. सगळे इंदूर रेवेचा, म्हणजे नर्मदेचा, उत्तर तीर म्हणून थांबते. आप्पा थांबत नसत. रेवेनंतर ते आपल्या दाराशी वाहणाऱ्या वारुणीचे नाव घेत आणि तिचा तीर सांगत. ज्या पाण्याने आपण हात धुतो त्याला ओळख दिल्याशिवाय पितरांना हाक मारू नये, असे त्यांचे म्हणणे. मुलीने ते वहीत उतरवून घेतले. मी पुढच्या दाराशी, त्या एकुलत्या उरलेल्या दगडी पायरीवर उभा राहून लोकांना हे सांगावे अशी तिने विनंती केली. मी होकार दिला.

तुझी वहिनी सरला तिळगूळ देता देता म्हणाली, "भाषण लंबं नका करू. लोक उभे असतात, तुम्ही बसवल्यासारखे बोलता."

तुला कळवण्याचे कारण असे. नदी कुठे गेली हा प्रश्न लोक विचारणारच. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली ती नळात घालून वरून रस्ता करण्याचे काम ज्या कनिष्ठ अभियंत्याने केले, त्याचे नाव मी घेणार नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी आप्पांच्या श्राद्धात तू माझा संकल्प मध्येच तोडलास, मी तुला पाटावरून उठवले, आणि तू बडोद्यास नोकरी धरून निघून गेलास. त्या दिवशी जे म्हणालो ते आजही तसेच म्हणेन. परंतु ते घरातले आहे, रस्त्यावर बोलण्याचे नव्हे.

उत्तराची अपेक्षा नाही.

श्रीकृष्ण

———

पौष वद्य सप्तमी, मंगळवार, २१ जानेवारी

चि. रघुवीर यास,

पदयात्रा पार पडली. पंचवीस माणसे होती. सगळे ठीक झाले. स्वानंदीने आभार मानले, एका गृहस्थाने नमस्कार केला, कोपऱ्यावर सर्वांनी पोहे खाल्ले. मी खाल्ले नाहीत. नंतर मंडळी थोडा वेळ मागच्या बोळातही थांबली होती. तिथे मुलीने निळ्या खडूने जमिनीवर काही रेघ काढली आहे. ती अजून पुसली गेलेली नाही.

थंडी आहे. पाय दुखतात. ब्याऐंशी वर्षांच्या पायांनी दुखावे हे योग्यच, परंतु रविवारपासून थकवा जो आला आहे तो पायांचा वाटत नाही. वाचायला घेतलेली पोथी उघडी ठेवून मी तसाच बसून राहतो. सकाळच्या संध्येत एका शब्दापाशी जीभ अडते. सत्तर वर्षे ज्या वाटेने गेलो तिथे पाय ठेवायला जागा सापडत नाही, असे काहीसे.

एक विचारायचे होते. तू त्या वेळी नदीचा जो नकाशा केलास, तो जुन्या कागदांवरून उतरवला होतास की स्वतः फिरून मोजणी केली होतीस? सहज विचारतो आहे. फार निकड नाही.

सरला इथे माझ्या खांद्यावरून वाचते आहे आणि म्हणते, "सहज? रविवारपासून धड जेवत नाही माणूस, आणि म्हणे सहज! सीधं लिहा ना भावाला." तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

श्रीकृष्ण

———

माघ शुद्ध सप्तमी, रथसप्तमी, मंगळवार, ४ फेब्रुवारी

चि. रघुवीर यास,

मागच्या पत्रात 'सगळे ठीक झाले' असे मी लिहिले. ते असत्य होते. दोन आठवडे ते वाक्य मला टोचते आहे. आज सूर्याला अर्घ्य दिले आणि ठरवले की जे घडले ते क्रमाने लिहावे.

रविवारी सव्वासातला मंडळी दाराशी आली. मी उपरणे घेऊन पायरीवर उभा राहिलो. पूर्वेकडे, रस्त्याकडे हात करून म्हणालो, "इथे वारुणी वाहत होती. आमचे घर तिच्या पश्चिम तीरावर. माझे वडील त्र्यंबकशास्त्री प्रत्येक संकल्पात हे म्हणत." मग आप्पांविषयी बोललो, या पायऱ्यांवर आपण पोहायला शिकलो त्याविषयी बोललो. बरेच बोललो. शार्दूल नावाचा एक मुलगा फोन उंच धरून उभा होता. तो म्हणाला, "पंडितजी, एक बार और हो जाए? आधं रेकॉर्डच नाही झालं." मी पुन्हा म्हणालो. पश्चिम तीर, वारुण्याः पश्चिमे तीरे. दोनदा, पंचवीस माणसांसमोर, हात करून.

मुलगी थांबली होती. माझे संपल्यावर जवळ आली आणि इतरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "काका, फार सुंदर सांगितलंत. फक्त एक आहे... ही नदी नव्हती. हा गिरणीचा कालवा होता. गिरणीच्या तळ्यात पाणी न्यायला खणलेला. म्हणून तर इतका सरळ आहे, आणि दगडाने बांधलेला."

मी विचारले, "मग नदी कुठे?"

"तुमच्या मागे," ती म्हणाली.

तिने सगळ्यांना बाजूच्या वाटेने मागच्या बोळात नेले आणि निळा खडू काढला. रेघ वाकडीतिकडी निघाली. आपल्या मागच्या भिंतीपासून बारा हातांवरून ती गेली. म्हणजे नदी पश्चिमेला, घर तिच्या पूर्वेला. कालवा आणि नदी यांच्या मधोमध आपण जन्मलो आणि वाढलो, आणि मी आयुष्यभर कालव्याला नदी समजलो.

ती चूक कशी झाली हे आता मला नीट दिसते. मागच्या बाजूला आई आपल्याला जाऊ देत नसे. तिथे संडासांच्या मोऱ्या उतरत, डुकरे असत, पावसाळ्यात वास येई. पुढे स्वच्छ पाणी, सरळ काठ, चार पायऱ्या. लहान मुलाला विचारा यातली नदी कोणती, तो काय सांगेल? पण मी लहान मूल राहिलो नव्हतो. अठ्ठ्याऐंशीत तुझ्या कामात पुढचा कालवाही बुजून रस्ता झाला, तेव्हा तू नदीच झाकलीस असे मी धरले.

स्वानंदीच्या हातात एका जुन्या नकाशाची प्रत होती. कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव होते: र. त्र्यं. पुराणिक, कनिष्ठ अभियंता. मापांच्या आकड्यांतला तुझा सात अजूनही तसाच, मधे आडवी रेघ मारलेला. तिने विचारले, "काका, हे तुमच्या घरातले का?"

मी म्हणालो, "इंदुरात पुराणिक पुष्कळ आहेत."

सरला दाराआड होती. तिने ऐकले. त्या दिवशी माझे ताट तिने झाकून ठेवले आणि स्वतः आधी जेवून घेतले. याचा अर्थ काय हे तुला आठवत असेल.

आता जे लिहायचे आहे ते तुलाही ठाऊक नाही. आप्पांची संकल्पाची वही माझ्याजवळ आहे. त्या रविवारी दुपारी ती काढली. त्यात आप्पांच्या हातचे स्पष्ट आहे: वारुण्याः पूर्वे तीरे. त्यावर एक काट आहे आणि वर 'पश्चिमे' लिहिले आहे. ती काट माझी आहे. चौऱ्याऐंशी साली मारलेली. काशीहून आचार्य होऊन मला बरीच वर्षे झाली होती, आप्पांची दृष्टी गेली होती, आणि मी त्यांना म्हणालो होतो, "आप्पा, तुम्ही तीर चुकीचा लिहिला आहे." त्यांनी विचारले, "कुठला?" मी सांगितले. ते म्हणाले, "बरं."

एवढेच. मला समजावले नाही, माझ्याशी वादही घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते संध्येला मागच्या दारी बसू लागले. पुढे ऊन येते म्हणून बसत असतील, असे मी समजलो. पुढच्या दोन वर्षांत, ते जाईपर्यंत, त्यांनी संकल्पातला तो शब्द मोठ्याने उच्चारलेला मी ऐकला नाही. ओठ हलत. ते माझा शब्द म्हणत होते की स्वतःचा, हे आता कोणाला विचारू?

ते गेल्यानंतर तीन वर्षांनी, श्राद्धाच्या दिवशी, तू शेजारच्या पाटावरून म्हणालास, "दादा, आपली नदी मागची आहे. मोऱ्या जातात ती. आप्पा पूर्व म्हणायचे." आणि मी म्हणालो, "ज्याने नदी पाइपात कोंबली त्याने मला तीर शिकवू नये. माझा बाप गटाराच्या काठी बसून संकल्प करत नव्हता. ऊठ इथून." हे शब्द मी आज जसेच्या तसे लिहितो, कारण तूही ते विसरला नसशील.

माझा बाप गटाराच्या काठीच बसून संकल्प करत होता, रघुवीर. त्याला ते ठाऊक होते, वास येत होता, आणि तरी तो तिचे नाव घेत होता. मला ते सहन झाले नाही म्हणून मी त्याला स्वच्छ पाण्याच्या काठावर आणून बसवले.

पंचमीला मला तो शब्द पुन्हा जागेवर ठेवायचा आहे. एकट्याने ते मला जमणार नाही. चुकीचा शब्द मी तुझ्या देखत म्हटला होता, बरोबर शब्दही तुझ्या देखत म्हणायचा आहे. पुढचे वर्ष माझ्या वाट्याला आहे की नाही ते मी सांगू शकत नाही. पळीतले पाणी ताम्हणात पडण्याआधी निम्मे मांडीवर पडते.

पंचमीला ये.

दादा

———

माघी पौर्णिमा, बुधवार, १२ फेब्रुवारी

चि. रघुवीर,

तुझे उत्तर नाही. मला तक्रारीचा अधिकार नाही, म्हणून तक्रार करत नाही. परंतु तू कळवले नाहीस अशी एक गोष्ट मला कळली आहे, आणि ती मला कळल्याचे तुला कळवणे भाग आहे.

गेल्या रविवारी स्वानंदी पुन्हा मंडळी घेऊन आली. या खेपेस मी स्वतः होऊन तिला म्हणालो की नकाशातला तो अभियंता माझा धाकटा भाऊ आहे, मागे मी खोटे बोललो. ती हसली नाही. एवढेच म्हणाली, "मला वाटलंच होतं काका. आडनाव एक म्हणून नाही. तुम्ही नाव वाचून प्रत परत दिलीत ती उलटी धरून."

तिने बरोबर एका वृद्धाला आणले होते. मालोजी. तुझ्या कामावर मिस्त्री होता म्हणे. सत्तरीचा आहे, एका डोळ्यात फूल पडले आहे, विडी सोडल्याचे अभिमानाने सांगतो. आपल्या मागच्या बोळात, भिंतीपासून बारा हातांवर जे लोखंडी झाकण आहे ना, ज्याला अडखळून सरलेचा गुडघा फुटला होता आणि ज्याला मी पस्तीस वर्षे रोज सकाळी मनातल्या मनात शिव्या दिल्या, त्याच्यापाशी तो उकिडवा बसला आणि त्याने त्यावर हात फिरवला.

"हे साहेबांचं ढक्कन," तो म्हणाला.

मी विचारले, "कुठल्या साहेबांचे?"

"पुराणिक साहेबांचं, और किसका? पंडितजी, झूठ नही बोलूंगा, इथं चेंबरची काय जरूरतच नव्हती. एक तिकडं खांबाजवळ आहे, एक पुढं गल्लीच्या मोडावर. इतक्या जवळ कोण बनवतो? मोठे साहेब आले, चिल्लावले, ये किसने बोला? आपले साहेब म्हणाले, सफाईला लागेल सर. मी रात को घर जाते टाइम विचारलं, साहेब, सच्ची बात बताओ. तर म्हणाले, मालोजी, आमचे दादा तर्पण करतात. पाणी कुठंतरी पोचायला पाहिजे ना, भिया."

शार्दूल म्हणाला, "ओ तेरी!"

मालोजी झाकणाच्या मध्यावर बोट फिरवत राहिला. "इथं एक छेद होता. अंगुठ्याएवढा. साहेबांनी फाउंड्रीत सांगून मुद्दाम ठेवायला लावला होता. कोणी भरला, काय माहीत. सिमेंट आहे."

कोणी भरला हे मला माहीत आहे. एक्क्याण्णव साली डास झाले होते. मी पाव किलो सिमेंट आणले, एका जुन्या पळीने ते कालवले आणि स्वतःच्या हाताने ते छिद्र बुजवले. त्या वेळी मला समाधान झाल्याचेही आठवते. पळी पितळी होती, आप्पांची. नंतर घासून देवघरात परत ठेवली.

तू नदी झाकताना आप्पांसाठी आणि माझ्यासाठी अंगठ्याएवढी वाट ठेवलीस. श्राद्धाच्या पाटावर तू मला ते सांगणार होतास का? 'आपली नदी मागची आहे' यानंतरचे वाक्य ते होते का? मी तुला पुढचे वाक्य बोलू दिले नाही. आणि छत्तीस वर्षे तर्पणाचे पाणी पुढच्या पायरीवर सोडत राहिलो, जिथून ते रस्त्यावरच्या जाळीत जाते आणि बहुधा उन्हात वाळते.

सोमवारी मालोजी छिन्नी घेऊन आला. मजुरी घेतली नाही, चहा मात्र तीन वेळा घेतला. छिद्र मोकळे झाले. मी कान लावला. मला काही ऐकू आले नाही. मला आताशा फारसे ऐकूच येत नाही.

आत जे वाहते ते पवित्र आहे का, असा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला आणि शास्त्राच्या आधारे उत्तर शोधण्याचा आळस केला. आयुष्यात प्रथमच असा आळस केला. आप्पांनी ते ठरवून ठेवले होते. मला फक्त वाचायचे होते, आणि मी वाचण्याऐवजी खोडले.

पाट मी दोन मांडणार आहे.

दादा

———

माघ वद्य पंचमी, सोमवार, १७ फेब्रुवारी, दुपारी चार वाजता

प्रिय रघुवीर,

फोनवर तुला जे दिसले नाही तेवढे लिहितो. मग विश्रांती घेईन.

परवा तुझा निरोप आला, सुनीतेने सरलेला सांगितलेला. हृदयाच्या त्रासामुळे डॉक्टर प्रवास करू देत नाहीत. आणि पुढे: "चेंबर नियमाप्रमाणे दर तीस मीटरवर असतो. दादांना सांगा, त्यात विशेष काही नव्हतं. मालोजीला आता काहीही आठवतं." सरलेने तो निरोप मला दोनदा ऐकवला, कारण पहिल्या वेळी मी नीट ऐकले असूनही 'काय?' म्हणालो. त्याच वेळी मला कळले की या दोघी जावा गेली छत्तीस वर्षे दर दिवाळीला एकमेकींशी बोलतात. मला का सांगितले नाही, असे विचारले तर सरला म्हणाली, "तुम्ही विचारलं कधी?"

संध्याकाळी मी काठी घेऊन बोळात गेलो आणि खांबाजवळच्या झाकणापासून आपल्या झाकणापर्यंत पावले मोजली. सोळा झाली. माझी पावले आता हातभरच पडतात. ते दहा मीटरही नसेल. तुला मी हे कशासाठी सांगतो आहे? तू नाही म्हणालास, तर नाही. छत्तीस वर्षांपूर्वी तू खरे बोललास तेव्हा मी तुला उठवले होते. आता तुला खोटे बोलायचे असेल तर बसून बोल.

आजचे कर्म साधेच केले. ब्राह्मण बोलावले नाहीत, त्यांच्या जागी दर्भाचे चट मांडून श्राद्ध केले. स्वयंपाक सरलेने एका गुडघ्यावर केला. आमसुलाची चटणी, वडे, खीर. पाट दोन होते. दुसऱ्यावर कोणी नाही म्हणून मी त्यावर आप्पांची वही ठेवली. काट मारलेले पान उघडे.

सरलेने मला न विचारता फोन लावला आणि त्या वहीशेजारी ठेवला. मी म्हणालो, "कर्मात हे यंत्र?" ती म्हणाली, "चूप बसा. रघूभावजी ऐकताहेत."

यंत्रातून आलेला शब्द विधीला चालतो का, याचा निर्णय मी कोणत्याही ग्रंथात पाहिलेला नाही आणि पाहणार नाही.

मी आचमन केले, अपसव्य केले, संकल्पाला आरंभ केला. रेवायाः उत्तरे तीरे येथपर्यंत नीट आलो. वारुण्याः म्हणालो आणि थांबलो. तुला वाटले असेल की मी विसरलो. तसे नव्हते. मला तो शब्द माहीत होता. महिनाभर मी दुसरे काही घोकले नव्हते. परंतु एकदा तो तुझ्या तोंडचा मी तोडला होता, म्हणून ती जागा मी रिकामी ठेवली. कितीही वेळ लागला तरी आपण बोलायचे नाही, असे ठरवले होते. वेळ लागला. दिव्याची वात सरलेने एकदा पुढे केली. मग फोनात तू घसा खाकरलास. लहानपणी पाठांतर येत नसले की खाकरायचास, अगदी तसा.

"पूर्वे," तू म्हणालास.

पौरोहित्य करताना मी सांगत असे आणि यजमान मागून म्हणत. आज मी मागून म्हणालो. पूर्वे तीरे.

"पुढं म्हणा, दादा," तू म्हणालास. ते मला स्पष्ट ऐकू आले. सगळ्या दिवसात तेवढे एक वाक्य मला न ताणता ऐकू आले.

तर्पणाचे पाणी तांब्यात घेऊन मागच्या दाराने बाहेर पडलो. मागच्या दाराच्या दोन पायऱ्या उतरायला मला बराच वेळ लागतो, तेवढा वेळ तू फोनवर थांबलास. बोळात स्वानंदीची निळी रेघ फिकट झाली आहे, पण ओळखू येते. मालोजी भिंतीशी उभा होता, त्याने कोणी न सांगता चपला काढल्या. मी वाकू शकलो नाही म्हणून त्याने माझ्या कमरेला धरले. तीळ घातलेले पाणी अंगठ्यावरून त्या छिद्रात सोडले. आप्पांच्या नावाने, आजोबांच्या नावाने, पणजोबांच्या नावाने. पुष्कळसे झाकणावरच सांडले. बाकीचे आत गेले.

मी विचारले, "पडले का?" मालोजी म्हणाला, "गाड्यांचा आवाज आहे पंडितजी, नाही कळत." सरलेने वाकून फोन त्या छिद्राजवळ धरला.

तू म्हणालास, "पोचलं, दादा. ऐकू आलं."

बोळाच्या टोकाला रिक्षा उभी होती, तिचे इंजिन चालू होते, शेजारी कोणीतरी गाणे लावले होते, आणि फोन सरलेच्या हातात निम्मा पदराखाली होता. त्यातून तुला बडोद्यात ते खरेच ऐकू आले का, हे मी विचारले नाही. विचारणारही नाही.

आता थकलो आहे. जेवलो. खीर जास्त खाल्ली म्हणून सरला रागावली. वहीत काट मारलेल्या शब्दाखाली मी 'पूर्वे' पुन्हा लिहिले आहे. अक्षर वाईट आले. आप्पांचे मूळ अक्षर काटेखालूनही त्याहून चांगले वाचता येते, ते तसेच राहू दिले आहे.

दुसरा पाट अजून उचललेला नाही. डॉक्टर परवानगी देतील तेव्हा ये, सुनीतेला घेऊन ये. त्यासाठी श्राद्धाची तिथी पाहण्याचे कारण नाही.

आणखी एक. पुढच्या वर्षी मी कार्ड टाकणार नाही. कार्डे बाहेरच्यांना टाकतात.

तुझा
दादा